मोरोक्कोतले साहस आणि खेचरवाल्याची मजुरी

गेल्या काही वर्षांत मराठीत मोरोक्कोविषयी बरेच लिहिले जाऊ लागले आहे. ही तशी आनंदाची गोष्ट. बारा दिवसांत सात देशांचा युरोप पाहून झालेला, केनियातले सिंह पाहून झालेला आपला मध्यमवर्गीय प्रवासी आता माराकेशला उतरतो, अ‍ॅटलास पर्वतात दोन दिवस चढतो, मेर्झूगाच्या वाळूत उंटावर बसतो, चार चाकांच्या धुडावरून वाळूच्या टेकड्या तुडवतो, एक रात्र तंबूत काढतो आणि परत येऊन लिहितो. त्याने लिहावे, जरूर लिहावे. परंतु या लेखनात काय येते आणि विशेषतः काय येत नाही, हे एकदा कोणीतरी सांगायला हवे होते. ते कोणी सांगत नाही असे पाहून आम्ही हा कटुपणा पत्करत आहोत.

या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. पर्वत रौद्र असतो, वाळवंट निर्मनुष्य असते, आकाशात तारे मोजता येत नाहीत. वाटाड्या हसतमुख असतो, उंटवाला निळ्या झग्यात असतो, पुदिन्याचा चहा अगत्याचा असतो. लेखकाला शिखरावर किंवा वाळूच्या टोकावर स्वतःचा शोध लागतो. एवढे झाले की लेख संपतो. वाटाड्याला त्या दिवसाचे किती मिळाले, उंट कोणाचा होता, तंबूतल्या नळाला पाणी कुठून आले, शेजारच्या गावात विहीर आहे की आटली, यांतले एकही वाक्य सापडत नाही. आमचे म्हणणे असे की साहस या नावाने मोरोक्कोत जो माल विकला जातो, तो तयार करण्यासाठी तिथल्या माणसांचे श्रम, हक्क आणि इतिहास पुसावे लागतात. त्यातले अर्धे काम सहल विकणारा करतो. उरलेले अर्धे प्रवासवर्णन लिहिणारा करतो, आणि तेही फुकट.

मुळात हा शब्दच पाहावा. आज साहस म्हटले की छाती भरून येते. परंतु धर्मशास्त्रकारांच्या भाषेत साहस हा गुन्हा होता. मनूने व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदे सांगितली त्यांत साहस हे एक आहे. बळाच्या जोरावर, उघडपणे दुसऱ्यावर केलेली जबरदस्ती, असा त्याचा अर्थ. दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम साहस, मध्यम साहस, उत्तम साहस अशीच नावे होती. इंग्रजीतल्या पराक्रमी पर्यटनाला प्रतिशब्द शोधताना आपण हा शब्द उचलला आणि त्याचा जुना अर्थ विसरलो. अ‍ॅटलासमध्ये मात्र तो जुना अर्थ जागोजाग भेटतो.

तुबकालचेच उदाहरण घेऊ. ४,१६७ मीटर उंचीचे हे उत्तर आफ्रिकेतले सर्वोच्च शिखर. त्यावर माणूस प्रथम केव्हा पोचला, या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर १२ जून १९२३ असे आहे, आणि श्रेय मार्की द सेगोंझाक व त्याच्या दोन फ्रेंच साथीदारांना दिले जाते. सावध लेखक ‘नोंदलेली पहिली चढाई’ असे म्हणतात, बेसावध ‘पहिली चढाई’ म्हणून मोकळे होतात. पण नोंद कोणाच्या वहीत? १९१२ च्या फेजच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या ‘संरक्षणा’खाली गेला होता, आणि डोंगर चढणे, डोंगर मोजणे व डोंगर ताब्यात घेणे ही त्या वेळी एकाच कारभाराची अंगे होती. पायथ्याच्या खोऱ्यांतले मेंढपाळ तिथे शतकानुशतके राहत होते. त्यांच्यापैकी कोणी वर गेलेच नसेल, असे मानायला फार मोठी श्रद्धा लागते. शिखराच्या वाटेवरच सुमारे २,३०० मीटरवर सीदी शमहरूश हे स्थान आहे. जिन्नांचा राजा म्हणून त्याची ख्याती. मनाने आजारी झालेल्या माणसाला घेऊन घरची मंडळी तिथे चालत किंवा खेचरावर बसवून येतात. वाट तीच, चढ तोच, दगड तेच. त्या आजारी माणसाच्या आईला कोणी साहसी म्हणत नाही. पाठीवर महागडी पिशवी असलेला पुढे जातो तोच तेवढा साहसी.

याहून बोचणारे उदाहरण दक्षिणेकडच्या जबल सघ्रोचे आहे. हिवाळ्यात मुख्य अ‍ॅटलासवर बर्फ असते, तेव्हा गिर्यारोहकांच्या टोळ्या इकडे वळतात. काळे सुळके, कोरड्या घळी, चंद्रावरच्यासारखी जमीन, अशी वर्णने आम्ही वाचली आहेत. याच सुळक्यांत बू गाफर आहे. १९३३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आयत अत्ता टोळीच्या लोकांनी, अस्सू ऊबस्लाम याच्या नेतृत्वाखाली, बायकामुले आणि गुरांसकट तिथे ठाण मांडले आणि विमाने व तोफा घेऊन आलेल्या फ्रेंच फौजेला आठवड्यांमागून आठवडे रोखून धरले. बूर्नाझेल नावाचा फ्रान्समध्ये गाजलेला कप्तान तिथेच पडला. आता गंमत अशी की सह्याद्रीतला कोणताही ट्रेकर पावनखिंडीतून जाताना तिथे काय घडले हे सांगितल्याशिवाय राहत नाही. दगड न् दगड त्याला बोलका वाटतो. तोच ट्रेकर सघ्रोत गेला की दगड मुके होतात आणि चंद्र आठवतो. आपल्या डोंगराला इतिहास आणि दुसऱ्याच्या डोंगराला नुसते भूगर्भशास्त्र, हा न्याय कुठला?

‘निर्मनुष्य’ या शब्दाचेही असेच. अ‍ॅटलासच्या उंच कुरणांत वसंतात गेलेल्या प्रवाशाला हिरवळ दिसते आणि गुरे दिसत नाहीत. तो लिहितो, अस्पर्श निसर्ग. वास्तविक ती आगदाल असते, म्हणजे गावांनी आणि टोळ्यांनी मिळून ठरवलेली चराईबंदी. गवत वाढून बी धरेपर्यंत कुरण बंद, मग ठरल्या दिवशी सगळ्यांना एकदम खुले. ऊकाइमदनचे कुरण वसंतापासून ऑगस्टपर्यंत याच नियमाने बंद ठेवण्याची रीत आहे, आणि त्याच ऊकाइमदनच्या उतारांवर हिवाळ्यात माराकेशची श्रीमंत मंडळी बर्फावर घसरायला येतात. ज्याला आपण माणसाचा अभाव म्हणतो तो तिथे माणसांनी पाळलेला नियम असतो. तो नियम मोडायला पर्यटकांच्या एका मोसमाच्या तंबूंचा तळ पुरतो.

आता खेचरवाल्याकडे येऊ, कारण लेखाच्या मथळ्यात त्याला आणून वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे. इमलील हे तुबकालच्या पायथ्याचे गाव. तिथून ३,२०० मीटरवरच्या विश्रामगृहापर्यंत प्रवाशाचे ओझे, तंबू, भांडी, गॅसची टाकी, कोंबडी, कांदे, बटाटे हे सारे खेचरावर जाते. प्रवासी सकाळी निघतो. खेचरवाला भांडी घासून मागाहून निघतो, वाटेत प्रवाशाला ओलांडतो, आणि प्रवासी पोचतो तेव्हा चहा तयार असतो. बर्फ पडले आणि खेचराचे पाय रुतू लागले की ओझे माणसाच्या पाठीवर येते. गिर्यारोहणातला वाटाड्या आज परवानाधारक असतो. आयत बूगमेझच्या खोऱ्यात तबांत येथे १९८० च्या दशकापासून त्याच्या शिक्षणाची सोय आहे, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. खेचरवाला मात्र या चौकटीच्या कडेला उभा असतो. प्रवासवर्णनात तर तो बहुधा नसतोच. असलाच तर त्याचे खेचर असते, कारण खेचराचे छायाचित्र छान येते.

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे हजेरीपट नव्हे. आम्ही विचारतो, का नव्हे? याच देशातल्या तांजा शहरातून १३२५ मध्ये एकवीस वर्षांचा एक तरुण बाहेर पडला. इब्न बतूता. त्याचे आणि आपले नाते तर पुस्तकी पुराव्याचे आहे. महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला असताना तो दौलताबादेवरून गेला, तिथला किल्ला आणि गाणाऱ्या स्त्रियांचा बाजार त्याने नोंदवला, मराठ्यांविषयीही लिहिले. हाच मनुष्य १३५२ मध्ये सिजिल्मासाहून सहारा ओलांडायला निघाला. सिजिल्मासाचे अवशेष आजच्या रिसानीजवळ आहेत, म्हणजे मेर्झूगाच्या उंटसवारीपासून मोटारीने तासाभराच्या आत. तघाझाच्या मिठाच्या खाणीत त्याने मिठाच्या विटांची घरे पाहिली. ते मीठ खणणारे गुलाम होते आणि त्यांना खायला काय मिळे, हेही त्याने लिहून ठेवले. पुढे वाळवंटाचा सर्वांत कठीण टप्पा आला तेव्हा काफिल्याने तक्शिफ नेमला. तक्शिफ म्हणजे एकट्याने पुढे जाऊन पलीकडच्या गावात खबर देणारा, जेणेकरून तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांच्या वाटेवर सामोरे येतील. तो वाटेत मेला तर काफिलाही मेला. हा मनुष्य मसूफा टोळीचा होता आणि त्याला शंभर मिस्काल सोने दिले, असे इब्न बतूता स्पष्ट सांगतो. वाटाड्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू होता, तरी वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती, हेही सांगतो.

चौदाव्या शतकातल्या प्रवाशाला वाटाड्याची जात, त्याचा डोळा आणि त्याची मजुरी लिहिण्याजोगी वाटली. एकविसाव्या शतकातल्या प्रवाशाला स्वतःच्या छातीचे ठोके लिहिण्याजोगे वाटतात. बरे, हा आग्रह परकाही नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून निघाला, त्याला मराठी प्रवासवर्णनाचा मूळपुरुष मानण्याची आपली रीत आहे. वरसईचा हा भिक्षुक सत्तावन्नच्या धामधुमीत सापडला, पण निघाला होता तो दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज डोळ्यांसमोर ठेवून. काय मिळाले, काय लुटले गेले, याचा हिशेब त्याच्या कथनात पानोपानी आहे. त्या हिशेबामुळे पुस्तक उणे झाले असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे, म्हणून त्याला टाळणार नाही. पर्यटक गेलेच नाहीत तर खेचरवाल्याला मिळणारे तेही जाईल. इमलीलचे लोक हे आमच्यापेक्षा चांगले जाणतात. डिसेंबर २०१८ मध्ये इमलीलजवळ स्कँडिनेव्हियातल्या दोन तरुणींची अतिरेक्यांनी निर्घृण हत्या केली. त्यानंतर वाटेवर पोलिसांच्या चौक्या बसल्या, तुबकालला परवानाधारक वाटाड्या सक्तीचा झाला, आणि त्या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसलेल्या खोऱ्याला दहशतीचे नाव चिकटते की काय, अशी धास्ती गावाने भोगली. पुढे ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ रिश्टरचा भूकंप झाला. २,९०० हून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य याच डोंगरांतली. दरडींनी रस्ते बुजले तेव्हा वरच्या वस्त्यांना पीठ, औषध आणि घोंगड्या पोचवल्या त्या खेचरांनी आणि गाढवांनी, ती हाकणाऱ्या माणसांनी. त्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरे पडली होती. आणि त्याच महिन्यात तिथले वाटाडे जगाला सांगत होते की सहली रद्द करू नका, या.

तेव्हा जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. उलट ते ‘या’ म्हणणे हाच आमचा पुरावा आहे. घर पडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ज्याला पाहुण्यांना बोलवावे लागते, त्याच्या अगत्याचे वर्णन करताना त्या अगत्यामागची निकड दिसू नये? पुष्कळ कुटुंबांनी भूकंपानंतरचा दुसरा हिवाळाही तंबूत काढला. प्रवाशाचा तंबू आणि त्यांचा तंबू एकाच खोऱ्यात होते. पहिल्यावर लेख झाले.

वाळवंटाची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे पाणी हा एकच विषय आहे. ताफिलालतच्या मरूद्यानांना पूर्वी खेत्तारा पाणी देत. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून उताराने आणलेला पाट, आणि त्यावर ठरावीक अंतराने साफसफाईसाठी विहिरीसारखी तोंडे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी ज्याने पाहिली आहे त्याला हे तंत्र समजावून द्यायला नको. झिझ नदीवर १९७१ मध्ये हसन अद्दाखिल धरण झाले, शेतांत पंप आले, आणि एकेक खेत्तारा कोरडी पडत गेली. आज काही कोरड्या खेत्तारांत पर्यटकांना पायऱ्या उतरवून दाखवतात. वरून वर्षानुवर्षांचा अवर्षणाचा फेरा. देशातली मेंढरे इतकी घटली की २०२५ च्या बकरी ईदला कुर्बानी देऊ नका, असे खुद्द राजाने प्रजेला आवाहन केले. भटक्या पशुपालकांची संख्या २००४ च्या जनगणनेत ६८ हजारांच्या आसपास होती, ती २०१४ मध्ये २५ हजारांवर आली. कळप विकलेल्या घरांतली पोरे मग उंटाची दोरी धरतात, आणि आपण लिहितो की वाळवंटाचा हा पुत्र पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आला आहे. चालत आला होता हे खरे, पण आपल्या उंटांमागे. एर्ग शेब्बीच्या टेकड्यांवर सूर्यास्ताच्या वेळी त्या चारचाकी धुडांचा जो गलका उठतो, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. ज्याला शांततेच्या शोधात आल्यावर ते यंत्र भाड्याने घ्यावेसे वाटते, त्याला आमचा लेख पटण्याचा संभव कमीच. २०२४ मध्ये १ कोटी ७४ लाख पर्यटक या देशात आले. ते सारे वाळवंटात गेले नाहीत हे वाळूचे भाग्य.

याच दक्षिणेत १९८६ पासून वाळूतली मॅरेथॉन धावली जाते. सुमारे अडीचशे किलोमीटर, अनेक टप्प्यांत, आपले अन्न आपल्या पाठीवर, पाणी तेवढे आयोजक मोजून देतात. १९९४ मध्ये माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वादळात वाट चुकला, नऊ-दहा दिवस भटकला, वटवाघळे खाऊन जगला आणि अल्जीरियात निघाला. ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ती आहेच विलक्षण. तिचा शेवट मात्र घाईने उरकतात. एका मेंढपाळ मुलीला तो दिसला, तंबूतल्या बायकांनी त्याला शेळीचे दूध दिले. ज्या जागी तो मरता मरता वाचला, तिथे त्या बायका संसार करत होत्या, हे वाक्य त्या शौर्यकथेत कुठे बसवायचे ते कोणालाच कळत नाही.

मोरोक्कोच्याच साहित्यात चालण्याची एक वेगळी गोष्ट आहे. महंमद शुक्रीचे कुटुंब दुष्काळात रीफच्या डोंगरातून तांजापर्यंत भुकेने चालत आले. त्या बालपणाचे त्याने लिहिलेले आत्मकथन, ‘अल्-खुब्ज अल्-हाफी’, म्हणजे कोरडी भाकर, १९७३ मध्ये पॉल बोल्सच्या इंग्रजी अनुवादात आधी आले, अरबीत १९८२ मध्ये, आणि पुढल्याच वर्षी देशात त्यावर बंदी आली, ती २००० पर्यंत टिकली. तोच बोल्स १९४९ च्या ‘द शेल्टरिंग स्काय’मध्ये गोऱ्या प्रवाशांचा आत्मा सहारात विरघळवतो. आपल्या प्रवासलेखकांनी, वाचून असो वा न वाचता, बोल्सच्या कादंबरीचा सहारा उचलला. शुक्रीची वाट त्यांना दिसलीच नाही, आणि ज्याने दोन्ही इंग्रजीत आणले तो माणूस एकच होता.

शेवटी दाख्ला. साहसाच्या यादीत हल्ली हे नाव वर चढले आहे. अगादीरपासून दक्षिणेला हजार किलोमीटरहून दूर, समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ, आत उथळ शांत खाडी आणि अखंड वारा. पतंग बांधून पाण्यावर घसरण्याच्या खेळाला याहून चांगली जागा क्वचितच. जागतिक स्पर्धाही होतात. सहलीच्या पत्रकांत हे मोरोक्कोचे एक टोक म्हणून येते आणि आपले लेखक तसेच उतरवून घेतात. वास्तविक हा पश्चिम सहारा. १९७५-७६ मध्ये स्पेनने तो सोडला, दक्षिणेचा हा भाग मॉरिटानियाने घेतला, १९७९ मध्ये ती माघारी गेल्यावर मोरोक्कोने. अमेरिकेने २०२० मध्ये मोरोक्कोचा दावा मान्य केला, संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत मात्र त्याचे नाव अद्याप आहे. प्रदेशाच्या मधून सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा वाळूचा बांध जातो आणि त्याच्या बाजूने सुरुंग पेरलेले आहेत. बांधापलीकडे, अल्जीरियातल्या तिंदूफजवळ, दीड लाखाहून अधिक सहरावी निर्वासित पन्नास वर्षे छावण्यांत आहेत. छावण्यांना त्यांनी सुटलेल्या गावांची नावे दिली आहेत: एल् आयून, स्मारा, औसर्द, आणि दाख्ला. २००१ पासून त्या छावण्यांच्या दरम्यानही एक मॅरेथॉन होते. बाहेरून येणारे धावपटू हॉटेलात नव्हे, निर्वासितांच्याच घरी उतरतात. मराठीत दाख्ल्याच्या वाऱ्याविषयी लिहिलेले आम्ही वाचले आहे. या दुसऱ्या दाख्ल्याचा उल्लेख त्यात कुठे आढळला नाही.